मातीची पाटी

जपानला जाऊन आलेल्या माणसाने परतल्यावर काय लिहावे, हे आपल्याकडे आता ठरून गेले आहे. आगगाडी मिनिटाच्या काट्यावर कशी येते, रस्त्यावर कागदाचा कपटा कसा दिसत नाही, शाळेतली मुले आपला वर्ग आपणच कशी झाडतात! आणि शेवटी एक सुस्कारा : ‘नाहीतर आपण!’ असले लेख मी वीस वर्षे वाचीत आलो आहे. ते लोकांना आवडतात, कारण सुस्कारा टाकायला खर्च येत नाही. ‘त्यांच्या रक्तातच शिस्त आहे’ असे एकदा म्हटले, की आपल्या अंगावरची जबाबदारी आपोआप उतरते. रक्त काही बदलता येत नाही ना!

मी ज्या गावी गेलो, त्या गावाच्या इतिहासात ही रक्ताची गोष्ट कोठेच बसत नाही. म्हणून हे लिहायला घेतले.

गावाचे नाव हिरोगावा. ओसाकाच्या दक्षिणेस, वाकायामा प्रांताच्या पश्चिम किनाऱ्यावर. युआसा स्टेशनवर उतरायचे, आणि नदी ओलांडून चालत जायचे. (हे युआसा म्हणजे जपान्यांच्या ‘शोयु’चे, सोया सॉसचे, माहेर. बाजारपेठेतून जाताना तो आंबूस, खमंग वास अजून नाकात भरतो.) पुढे समुद्र, पाठीशी डोंगर, डोंगराच्या उतारावर ‘मिकान’ नावाच्या संत्र्यांच्या बागा पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या. मधल्या चिंचोळ्या पट्टीत कौलारू घरे. वस्ती सात हजारांच्या आतबाहेर. कोकणातल्या माणसाला परके वाटावे असे फारसे काही नाही. माडांच्या जागी पाइनची झाडे, एवढेच. ती झाडे एका मातीच्या बांधाला लागून उभी आहेत, आणि तो बांध हाच माझ्या लेखाचा विषय.

पण बांधाआधी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण जगाला गोष्टच ठाऊक आहे. लाफकादिओ हर्न या लेखकाने ती १८९७ साली इंग्रजीत लिहिली. डोंगरावर राहणारा एक म्हातारा जमीनदार; खाली गावात उत्सवाची गडबड. धरणी हळूच हलते, समुद्र मागे हटतो. म्हाताऱ्याला आजोबांनी सांगितलेले आठवते. ओरडून सांगायला वेळ नाही. तो आपल्या वर्षभराच्या भाताच्या उडव्यांना आग लावतो. आग विझवायला सारा गाव डोंगर चढून येतो, आणि खाली लाट गाव गिळते. लोक त्याला जिवंतपणी देव मानून त्याचे देऊळ बांधतात.

पुढे नाकाई त्सुनेझो या प्राथमिक शिक्षकाने त्या गोष्टीवरून मुलांसाठी धडा लिहिला, ‘इनामुरा नो हि’ या नावाचा. सरकारने क्रमिक पुस्तकांसाठी मजकूर मागवला होता, त्यात तो निवडला गेला, आणि १९३७ पासून १९४७ पर्यंत जपानची पाचवीची मुले तो वाचीत होती. एका खेड्यातल्या मास्तराचा धडा देशभर वाचला गेला, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो. धडा उत्तम आहे. तरीही माझी त्याच्याशी तक्रार आहे.

खरा माणूस हामागुची गोर्यो. तो म्हातारा नव्हता, पस्तिशीतला होता. डोंगरावर नव्हे, गावातच राहत होता. चोशी येथे शोयु बनवणाऱ्या यामासा या जुन्या पेढीच्या घराण्याचा तो सातवा प्रमुख. २४ डिसेंबर १८५४ रोजी दुपारी उशिरा मोठा भूकंप झाला आणि लाटा आल्या. पहिल्या लाटांत तो स्वतः सापडला, कसाबसा टेकाडाला लागला. अंधार पडल्यावर तो तरुणांना घेऊन मशालींच्या उजेडात माणसे शोधायला निघाला. वाट दिसेना, म्हणून त्याने वाटेवरच्या गंज्या पेटवून दिल्या. त्या उजेडाच्या अनुरोधाने लोक हाचिमानच्या देवळाच्या टेकडीवर पोचले. नंतर सर्वांत मोठी लाट आली.

आता कोकणातल्या कोणत्याही पोराला विचारा : उडवी वेगळी आणि गंजी वेगळी. उडवीत दाणा असतो, गंजीत नुसता पेंढा. डिसेंबरच्या अखेरीस भात झोडून झालेले असते. म्हणजे गोर्योने पेंढा जाळला. यात त्याचा मोठेपणा तसूभर कमी होत नाही. पण गोष्टीला पेंढा पुरत नाही. गोष्टीला सर्वस्वाची होळी लागते, एका क्षणात घेतलेला निर्णय लागतो, आणि शेवटी देऊळ लागते. त्या गावकऱ्यांनाही त्याचे देऊळ बांधायचे होतेच. त्याने साफ नकार दिला! हर्नने मात्र ते कागदावर बांधले.

आणि गोष्ट जिथे संपते तिथे माणसाचे काम सुरू झाले. त्याच रात्री त्याने शेजारून तांदूळ उसने आणून लोकांना जेवू घातले. घरे गेलेल्यांसाठी पन्नास घरे बांधली. शेतकऱ्यांना अवजारे दिली, कोळ्यांना होड्या दिल्या. तरी लोक गाव सोडून चालले होते, कारण हाताला काम नव्हते आणि मनात समुद्राचे भय होते. या दोन्ही दुखण्यांवर त्याने एकच औषध काढले. संस्थानाच्या मदतीची वाट पाहत न बसता स्वतःच्या पैशाने त्याने समुद्रकाठी बांध घालायला घेतला, आणि त्यावर गावकऱ्यांनाच रोजंदारीने लावले. १८५५ ते १८५८, जवळजवळ चार वर्षे. लांबी सुमारे ६०० मीटर, उंची ५ मीटर, पायाशी रुंदी २० मीटर. खर्ची पडलेले मजुरांचे दिवस ५६ हजारांवर. समुद्राच्या अंगाला पाइन, गावाच्या अंगाला मेणाची झाडे.

गोर्यो १८८५ साली न्यूयॉर्कला वारला. २१ डिसेंबर १९४६ रोजी पुन्हा भूकंप झाला, पुन्हा लाट आली. बांधाने गावाचा बहुतेक भाग राखला. बांधाच्या आडोशाबाहेर मात्र माणसे गेली. म्हणजे ८८ वर्षांपूर्वी दिलेली मजुरी त्या दिवशी कामी आली. आता सांगा, मुलांना शिकवायचे काय, आग की बांध?

माझे विरोधक (ते मास्तरांच्या खोलीतच बसतात) म्हणतील, ‘अहो, बांधाचा धडा कोण वाचील? त्यात नाट्य नाही.’ जपान्यांनी याचे उत्तर दिले आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये पाचवीच्या एका क्रमिक पुस्तकात गोर्योवर नवा धडा आला. कावाता योशिआकी या आपत्तिशास्त्राच्या प्राध्यापकाने लिहिलेला, आणि बांधाची हकीकत सांगणारा. आगीपासून बांधापर्यंत यायला तिथल्या पाठ्यपुस्तकांनाही ७४ वर्षे लागली. रक्तात असते, तर एवढी लागती ना!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘भिंतीवर भरवसा ठेवून माणसे मरतात.’ खरे आहे. इवाते प्रांतात तारो येथे दहा मीटर उंचीच्या भिंती होत्या. ११ मार्च २०११ ला समुद्र त्यांवरून आत आला, आणि भिंतीच्या भरवशावर राहिलेले पुष्कळजण गेले. मी हेच हिरोगावाच्या बांधावर एका आजीबाईंना विचारले. ओसाकाला नोकरी करणारा पुण्याचा एक मुलगा माझा दुभाष्या होता. आजीबाई कुत्रा फिरवायला आल्या होत्या. त्यांनी बांधाकडे पाहिलेच नाही. हाचिमानच्या टेकडीकडे बोट केले. मुलगा म्हणाला, ‘सर, त्या म्हणतात, बांध पळायला वेळ देतो. पळायचे आपणच.’

तिसरा आक्षेप आपल्या घरचा : ‘आमच्याकडे असा दानशूर शेटजी कोठे आहे?’ शेटजी जाऊन १४० वर्षे झाली, महाराज! बांध आजही जागेवर आहे. १९०३ पासून दर नोव्हेंबरात तिथे ‘त्सुनामी मात्सुरी’ भरते, आणि त्या दिवशी शाळेतली मुले हातांनी माती आणून बांधावर घालतात. एका मुलाच्या मातीने बांधाची उंची वाढत नाही, हे त्या मुलालाही कळते. पण बांध कोणाचा, हा प्रश्न त्याला आयुष्यात पुन्हा विचारावा लागत नाही.

आमच्याकडे विचारावा लागतो. कोकणातल्या खाडीकाठच्या खारबांधांची डागडुजी एके काळी गाव आपणहून करी. पुढे १९४८ आणि १९७९ चे खारजमिनीचे कायदे झाले. कायदे वाईट नव्हेत. सरकारने पैसा घालावा यात वावगे काय? पण गावाने पैशाबरोबर बांधही सरकारला देऊन टाकला. आता खांड पडली की माणूस फावडे शोधीत नाही, अर्जाचा नमुना शोधतो.

आणि ‘आमच्या समुद्राला असली खोड नाही’ असे कोणी म्हणू नये. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्यापाशी भूकंप झाला, आणि त्याच्या लाटांनी मुंबईतही माणसे ओढून नेली. माझ्या वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलांना ती मी रचलेली वाटली. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराचे हे एक दुःख असते.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला, तो गोर्योच्याच रात्रीवरून. जुन्या जपानी पंचांगात ती अकराव्या महिन्याची पाचवी तिथी होती. आपल्याकडे ५ नोव्हेंबरला पुष्कळदा दिवाळीची सुट्टी असते. म्हणून मी २८ नोव्हेंबर धरला. त्या दिवशी पाचवी ते सातवीच्या मुलांनी गावच्या खारबांधावर एकेक पाटी माती टाकावी, आणि तिथून शाळेमागच्या सड्यापर्यंत पळत किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे, असा अर्ज मी वर पाठवला. उत्तर आले : विद्यार्थ्यांकडून मातीकाम करून घेता येणार नाही, तथापि सदर विषयावर निबंध व चित्रकला स्पर्धा घेण्यास हरकत नाही. मी पुन्हा अर्ज केला आहे. या खेपेस त्यात पाटीचे वजनही लिहिले आहे : माती धरून दोन किलो.