मेडिकलचा दरवाजा आणि आपली भाषा

दहावीचा निकाल लागला की पालक विचारतात, "सर, मुलीला डॉक्टर करायचंय. बारावीला किती टक्के लागतील?" प्रश्नच चुकतो. एमबीबीएससाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के पुरतात, राखीव प्रवर्गाला 40. मुलाखत नसते. गुणवत्ता यादी लागते ती नीटच्या 720 गुणांवर. त्यातले 360 एकट्या बायोलॉजीचे.

2018 पासून नीट उर्दूतही देता येते. आपण खूश झालो. पण अकरावी-बारावीचं सायन्स आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच शिकवतात. दोन वर्षं इंग्रजीत शिकलेली मुलगी पेपर उर्दूत कसा सोडवणार? शिवाय भाषांतराबद्दल शंका आली तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरतात.

म्हणून उर्दू शाळा सोडा, असं मी म्हणत नाही. आम्ही शिक्षकांनी आठवीपासून फळ्यावर 'झियाई तालीफ'शेजारी 'फोटोसिंथेसिस'ही लिहावं, एवढंच. विषय समजलेला असूनही मुलगी अकरावीत शब्दांपाशी अडते, तेव्हा कमी ती पडलेली नसते. आपण पडलेलो असतो.