काठाचे पुस्तक

समुद्रकिनाऱ्याची वळणे कागदाच्याच थरांतून उभी करणारी हातबनावटीची शिल्पपुस्तके परदेशी कलावंत तयार करतात. इंदापूर तालुक्याला समुद्र नाही. परंतु १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने त्याला अफाट जलाशयाचा काठ दिला आणि जुने पळसदेव गाव घेतले. पाणी ओसरले की पळसनाथाचे मंदिर वर येते, चढले की बुडते. असा काठ छायाचित्रात मावणार कसा? त्याला घडी उलगडताच शिखर उभे करणारे पुस्तकच हवे. चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करणारी हातकागद संस्था पुण्यात १९४० सालीच निघाली. तेव्हा साहित्याची सबब नको. बारामती-इंदापूरच्या शाळांनी चित्रकलेच्या तासाला (तो तास उरला असेल तेथे) अशी पुस्तके करून घ्यावीत. बुडालेल्या गल्ल्या दाखवू शकणारी माणसे आता सत्तरीच्या आसपास आहेत.