बहात्तरचा दुष्काळ आणि पाषाणचा अहवाल

मा. संचालक,
भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (आयआयटीएम),
पाषाण, पुणे



2025 साली मॉन्सून 26 मे रोजी मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख 11 जून. मृग लागायला अजून दहा-बारा दिवस होते. पुढे सप्टेंबरात मराठवाड्यावर असा पाऊस कोसळला की काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. दोन्ही वेळा चावडीवर, एसटीत आणि वाहिन्यांवरच्या चर्चांत एकच वाद रंगला : हे माणसानं ओढवून घेतलं की निसर्गाचं चक्रच असं आहे? एकीकडे ‘हवामान बदल’ एवढं म्हणून हात झटकणारे, दुसरीकडे ‘बहात्तरचा दुष्काळ विसरलात का, तेव्हा कुठे होत्या एवढ्या गाड्या?’ असं विचारणारे. या वादावर अधिकारवाणीनं बोलू शकेल अशी संस्था महाराष्ट्रातच आहे, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेकांना तिचं म्हणणं काय आहे ते ठाऊक नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

जून 2020 मध्ये, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं त्याच महिन्यात, संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेला भारतीय प्रदेशातल्या हवामान बदलाचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात नोंदवलं आहे की 1901 ते 2018 या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसनं वाढलं आणि ही वाढ मुख्यतः हरितगृह वायूंमुळे झाली. उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग 1951 ते 2015 दरम्यान सुमारे एक अंशानं तापला. जगातल्या समुद्रांची सरासरी वाढ त्याच काळात 0.7 अंश होती. मध्य भारतात एका दिवसात 150 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग 1950 ते 2015 दरम्यान सुमारे 75 टक्क्यांनी वाढले. हे परदेशातून आलेलं पत्रक नव्हे. तरीही ‘हवामान बदल म्हणजे पाश्चात्त्यांचं थोतांड’ हे विधान इथे बिनदिक्कत खपतं. आढावा शास्त्रज्ञांसाठी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ आहे. थोतांडाचा आरोप मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर सुबोध मराठीत येतो.

बहात्तरचा प्रश्न खरं तर थट्टेवारी नेण्यासारखा नाही. विचारणारा निम्मा बरोबर आहे. 1972 साली प्रशांत महासागरात प्रबळ एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी काही वर्षांच्या अंतरानं तापतं तसं तापलं होतं. 1877 च्या दुष्काळामागेही एल निनोच होता. हा नैसर्गिक हेलकावा ओळखण्याचं मोठं काम भारतीय हवामान खात्याचे प्रमुख राहिलेल्या गिल्बर्ट वॉकर यांच्या नावावर आहे : मॉन्सूनचा अंदाज बांधण्यासाठी मांडलेल्या आकडेमोडीतून त्यांना पूर्व आणि पश्चिमेकडच्या समुद्रांवरच्या हवेच्या दाबाचा झोका दिसला. आपल्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातल्या सागाच्या खोडांमधली पाचशेहून अधिक वर्षांची वलयं मोजली आणि त्यांत एल निनोच्या, दुष्काळाच्या खुणा शोधल्या. म्हणजे चक्र आहे, जुनं आहे, आणि बहात्तरला त्यानंच हिसका दिला. पण झोका जातो तसा परत येतो. शंभर वर्षं तो एकाच दिशेला चढत राहत नाही, आणि तापमानाचा आलेख नेमका तसा चढला आहे.

त्याहून मोठी चक्रंही आहेत. सर्बियन गणिती मिलुतिन मिलँकोविच यांनी पृथ्वीच्या कक्षेचा लंबवर्तुळाकारपणा, आसाचा कल आणि आसाचं भोवऱ्यागत डुलणं यांचा हिशेब मांडून हिमयुगांमागचं कारण दाखवलं. त्यांचे कालखंड ढोबळमानानं एक लाख, 41 हजार आणि 23 हजार वर्षांचे. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली होती. तिथून आजच्यासारखं हवामान यायला, म्हणजे सुमारे पाच अंशांची वाढ व्हायला, दहा हजार वर्षांच्या आसपास काळ लागला. शिवाय या कक्षेच्या हिशेबानं उत्तर गोलार्धातलं उन्हाळ्यातलं ऊन गेली हजारो वर्षं किंचित घटत आलं आहे. चक्राच्या मर्जीवर सोडलं असतं तर आज इतकं तापायचं कारणच नव्हतं.

मग ज्वालामुखी? सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, आणि त्या उद्रेकांनी पृथ्वीचं हवामान ढवळून काढलं होतं, यात शंका नाही. पण आजचे ज्वालामुखी वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसानं सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही. उलट 1991 साली फिलिपिन्समधल्या पिनातुबोच्या उद्रेकानं जग वर्ष-दोन वर्षं सुमारे अर्ध्या अंशानं थंड झालं.

हवेतला जादा कार्बन नेमका कुठला, हे ओळखण्याची सोय निसर्गानंच करून ठेवली आहे. हवेत आणि सजीवांत कार्बन-14 हा किरणोत्सारी प्रकार अल्प प्रमाणात असतो. 5,730 वर्षांत तो निम्मा होतो. चंद्रपूरच्या खाणींतला कोळसा पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यात कार्बन-14 शिल्लक असण्याचा प्रश्नच येत नाही. असा कोळसा आणि तेल जाळत राहिलं तर हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण विरळ व्हायला हवं. हान्स स्युस यांनी 1955 मध्ये झाडांच्या लाकडात हीच घट दाखवून दिली. अंटार्क्टिकाच्या बर्फातले बुडबुडे सांगतात की गेल्या आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख रेणूंमागे तीनशेच्या वर गेला नव्हता. 1958 साली हवाईत मोजणी सुरू झाली तेव्हा तो 315 च्या घरात होता. आज 420 च्या पुढे आहे.

सूर्याचीही झडती घेऊन झाली आहे. 1978 पासून उपग्रह त्याचं तेज मोजत आहेत. अकरा वर्षांचं चक्र दिसतं, चढ दिसत नाही. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतंय. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी 1967 मध्येच गणितानं सांगितलं होतं की कार्बन डायऑक्साइड वाढला तर असं होईल. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) 2021 च्या अहवालातला हिशेब तर सरळ आहे : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 2010–2019 च्या दशकापर्यंत माणसामुळे झालेली वाढ सुमारे 1.07 अंश, नैसर्गिक कारणांचा वाटा अधिक-उणे 0.1 अंशाच्या आत.

इथवरचं कुठल्याही चांगल्या पुस्तकात मिळेल. संस्थेच्या आढाव्यातला सर्वांत मोलाचा भाग वेगळाच आहे आणि त्याची चर्चा मराठीत जवळपास होत नाही. भारत 0.7 अंशच का तापला? शंकेखोरांना हा आकडा फार आवडतो. आढाव्याचं उत्तर असं की हरितगृह वायूंनी तापवलं, पण धूर, गंधकाचे सूक्ष्म कण आणि जमीनवापरातले बदल यांनी ती वाढ काही अंशी झाकली. याच कणांच्या सावटामुळे मॉन्सूनवरही परिणाम झाला : 1951 ते 2015 दरम्यान त्याचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ठळक घट झाली ती गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात. एरवी तापमानवाढीनं मॉन्सूनचा पाऊस वाढायला हवा होता. म्हणजे तापवणारा हात माणसाचा आणि झाकणाराही माणसाचाच. हे कण काही दिवसांत, फार तर आठवड्यांत हवेतून झडतात. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं उरतो. उद्या हवा स्वच्छ झाली (व्हायलाच हवी) की झाकलेली उष्णता उघडी पडेल. विदर्भातल्या शेतमजुराला आणि तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना हे आत्ताच कळायला नको?

दुसरी अडचण उलट्या बाजूची आहे. आता प्रत्येक आपत्तीचं खापर हवामान बदलावर फुटतं, आणि त्यात अनेकांची सोय असते. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला 75 सुद्धा नाही. तेवढ्या पावसानं कुठलंही शहर बुडालं असतं हे खरं, पण मिठी नदीच्या पात्रातला भराव हरितगृह वायूंनी घातला नव्हता. डिसेंबर 2015 च्या चेन्नईतल्या अतिवृष्टीचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा त्यांना मानवी तापमानवाढीचा ठसा सापडला नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं. त्याच तऱ्हेच्या पद्धतीनं 2022 च्या मार्च-एप्रिलमधली उत्तर भारत आणि पाकिस्तानातली उष्णतेची लाट तपासली, तेव्हा तिची शक्यता माणसामुळे सुमारे तीसपट वाढल्याचं निघालं. जी पद्धत ‘नाही’ म्हणू शकते तिच्या ‘हो’वर लोक विश्वास ठेवतात. शंकेखोरांशी वाद घालण्यापेक्षा चेन्नईचं उदाहरण पुढे ठेवणं जास्त उपयोगी, असं या पत्रलेखकाचं मत आहे.

म्हणून मागणी अशी. राज्यात मोठी अतिवृष्टी, उष्णतेची लाट किंवा दुष्काळ पडला की संस्थेनं काही आठवड्यांत दोन पानांचं मराठी निवेदन काढावं. त्यात एल निनोसारख्या नैसर्गिक हेलकाव्याचा वाटा किती, माणसानं केलेल्या तापमानवाढीचा किती आणि कशाबद्दल अजून खात्री नाही, हे स्पष्ट असावं. ‘ठसा सापडला नाही’ हेही तितक्याच ठळकपणे छापावं. नाले, बांधकामं, धरणांतून सोडलेलं पाणी हा संस्थेचा विषय नाही, पण तिचा आकडा समोर आला की बाकीच्यांना आपापला हिशेब द्यावाच लागेल. 2020 च्या आढाव्याचा मराठी सारांश शाळा-ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवण्याचं कामही सोबतच व्हावं. बहात्तरचा प्रश्न तिथेच विचारला जातो.

सुरुवात मराठवाड्यातल्या सप्टेंबर 2025 च्या पावसापासून करता येईल. जुन्या नोंदी हवामान खात्याच्या पुणे कार्यालयात आहेत, आणि शिवाजीनगर पाषाणहून फार लांब नाही.

कळावे,
एक वाचक