पडत्या बाजारात घर बदलताना
घरांचे भाव उतरू लागले की विकणारा धास्तावतो आणि घेणारा ते आणखी उतरायची वाट पाहत बसतो. पण लहान घर विकून मोठं घेणाऱ्या कुटुंबाला याहून चांगला काळ सहसा मिळत नाही, असं मी ठामपणे म्हणेन. ६० लाखांचा वन बीएचके १० टक्क्यांनी उतरला तर ६ लाख गेले. १ कोटी २० लाखांचा टू बीएचके तेवढाच उतरला तर १२ लाख वाचले. म्हणजे पदरचे घालायचे पैसे ६ लाखांनी कमी झाले. २०२० मध्ये तर सरकारनेही हात दिला होता: सप्टेंबर ते डिसेंबर मुंबईत मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं आणि वर्षअखेरीस नोंदणीसाठी झुंबड उडाली. बिल्डर जाहीर दर सहसा खाली आणत नाही. पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा आकार), मुद्रांक शुल्क इथे मात्र सोडतो, तेव्हा घासाघीस तिथे करावी. रीसेलमध्ये थेट भावावर बोलता येतं, पण रेडी रेकनर, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला दर, पाहूनच. व्यवहार त्याहून खाली झाला तरी शुल्क रेकनरच्या किमतीवरच लागतं, आणि फरक १० टक्क्यांच्या पुढे गेला तर दोघांनाही आयकराचा फटका बसू शकतो. विकणाऱ्याने सोसायटीचं ना-हरकत पत्र, शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आधीच जमवून ठेवावा. मंदीतलं गिऱ्हाईक कागदांसाठी थांबत नाही. आणि बांधकाम चालू असेल तर महारेरा या राज्याच्या गृहबांधणी नियामकाच्या संकेतस्थळावर ताब्याची तारीख पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये.