रहिवासी कोणाला म्हणावे?

अलिबाग येथे २०२१ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि रायगडच्या किनाऱ्यावरील गरिबांच्या मुलांनाही डॉक्टर होण्याची आशा वाटू लागली. तेथील ८५ टक्के जागा राज्यातील विद्यार्थ्यांसाठी आहेत. त्यांवर व शुल्कसवलतींवर हक्क सांगण्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी सामान्यतः राज्यातील १५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते.

राज्याने आपल्या रहिवाशांना झुकते माप द्यावे, यात गैर काही नाही. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून घेतले जाणारे जादा शुल्क सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच वैध ठरविले. घटनेने जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली आहे, वास्तव्यावरून नव्हे, असा तो निर्वाळा होता.

तत्त्व मान्य, अडचण आहे ती पुराव्याची. ज्याच्या नावे सातबारा व वीजबिल आहे, त्याला दाखला सुलभ. परंतु दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या आणि पावसाळा सरताच वीटभट्टीवर वा कोळसाभट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्याने कोणता कागद दाखवावा? दहावी-बारावी राज्यातच झालेली असावी, या अटीतून परराज्यात बदली झालेल्या सरकारी नोकराच्या मुलाला सूट मिळते. पोटासाठी परराज्यात गेलेल्या मजुराच्या मुलाला ती नाही. हा कुठला न्याय?

तहसीलदाराने वाडीवर जावे, ग्रामसभेसमक्ष चौकशी करावी आणि तेथेच दाखला द्यावा. पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राबलेल्यांवर आपण येथलेच आहोत हे सिद्ध करण्याची पाळी यावी, ही शासनाला भूषणावह गोष्ट खचितच नव्हे.