दीडशे लेकरांची आई

टाकी माझी नव्हेच, लेकाची. नववीत असताना हट्ट करून दोन फुटांची काचेची टाकी घेतली, दोन गोल्डफिश आणले, नंतर पट्ट्यापट्ट्यांच्या माशांची एक जोडी. ‘आई, मीच सगळं करणार,’ असं शपथेवर सांगितलं होतं. दहावी झाली, साहेब अकरावीला पुण्याला गेले आणि टाकी राहिली माझ्या गळ्यात. मैत्रिणींनो, तुमच्याकडे मासे नसतील, पण पोपट, कुत्रा, गुलाबाच्या कुंड्या, असं मुलांचं काहीतरी तुमच्याही गळ्यात आलेलं असणारच!

तर एका सकाळी खाणं टाकायला गेले, तर तळाशी ठेवलेल्या नारळाच्या करवंटीजवळ धुरकट काहीतरी हलत होतं. घाण साठली म्हणून चहाची गाळणी आणली. ती पाण्यात घातली मात्र, पट्ट्यांची मादी सरळ गाळणीवर धावून आली. बोटाएवढा जीव, पण काय तो आवेश! चष्मा लावून पाहिलं, तर त्या धुराला डोळे होते. मोजायला बसले आणि शंभरच्या पुढे नाद सोडला. दीडशे तरी असावीत.

दुकानदाराने ‘दोन्ही नर आहेत, काळजी करू नका’ असं सांगितलं होतं. मादीच्या पोटावर नारिंगी झाक असते, हे मला आता कळतंय. या माशाला कन्व्हिक्ट म्हणतात, म्हणजे कैदी; अंगावर कैद्याच्या कपड्यांसारखे काळे पट्टे म्हणून. मूळचा मध्य अमेरिकेतला, सिक्लिड नावाच्या मोठ्या कुटुंबातला. एंजल फिश याच कुटुंबातला आणि गोव्याकडे आवडीने खातात तो कळुंदरही. कळुंदर मात्र आपल्याच पाण्यातला हं.

पुढचे पंधरा दिवस स्वयंपाकघरातून माझं लक्ष टाकीकडेच. मादी पिल्लांना चिकटून, नर जरा लांब गस्त घालत. त्याने दोन्ही गोल्डफिशना असं कोपऱ्यात दाबलं की त्यांना वेगळ्या टबात हलवावं लागलं. आई-बाप पंखांनी तळाची वाळू ढवळायचे आणि पिल्लं उडालेले कण टिपायची. संध्याकाळ झाली की भरकटलेलं पिल्लू तोंडात धरून करवंटीत नेऊन थुंकायचे, आपण अंगणातून पोरांना बखोटीला धरून आणतो ना, अगदी तसं. आमचे हे शेजारी उभे होते, तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, ‘बघा, बाप पण राबतोय.’ ते पेपर घेऊन आत गेले.

मीही राबत होतेच. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून चार थेंब. जास्त पडला की पाण्याला वास. फिल्टर पिल्लांना ओढून घेतो म्हणून त्याच्या तोंडाला स्पंज. नळाचं पाणी बादलीत दिवसभर ठेवून, क्लोरीन उडालं की मग चौथा हिस्सा बदलायचं.

पण दीडशे पिल्लांचं पुढे काय? एकेक चार-पाच इंचांचा होणार, दोन फुटांत मावणार कसा? दुकानदार म्हणाला, ‘फुकट दिलेत तरी नकोत, भांडखोर जात.’ शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, ओढ्यात सोड, पुण्य लागेल.’ ह्यांनी तर बेत ठरवूनच टाकला, ‘रविवारी उजनीवर जाऊ. पोहे बांधून घे, सोडून येऊ.’

मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण शनिवारी बाजारात मासळीवाल्या मावशींशी सहज बोलणं निघालं. त्यांच्या पाटीत बहुतेक चिलापीच. ‘बाई, आधी किती तऱ्हेचं मासं यायचं. आता जाळं टाकलं की ही चिलापी,’ त्या म्हणाल्या. घरी येऊन लेकाची पुस्तकं काढली. चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा सिक्लिडच! मूळची आफ्रिकेची. १९५२ साली आपल्या देशात आणली, ती तळी-धरणांत पसरली. रोहू-कटला पावसाच्या वाहत्या पाण्यात लाखो अंडी सोडून निघून जातात. जगतील ती जगतील. चिलापीची मादी मात्र अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून तिची जास्त टिकतात. म्हणजे ज्या मायेवर मी पंधरा दिवस भाळले होते, तीच माया नव्या पाण्यात गेली की तिथल्या माशांच्या मुळावर येते. टाकीतला सकर मासाही असाच लोकांनी ‘सोडून दिला’. आज कितीतरी तळ्यांत तो कोळ्यांची जाळी फाडतो.

पोह्यांचा बेत रद्द केला. ह्यांचं तोंड दोन दिवस उतरलेलं होतं.

मला तर आता या ‘सोडून देणं’ शब्दाचाच राग येतो. मांजरीची पिल्लं पोत्यात घालून बाजारात सोडायची, कुत्र्याची गावाबाहेर, भाकड गाय रस्त्यावर. आपल्या डोळ्यांआड झालं की पुण्य! त्याचा भार कुणाच्या तरी पाटीवर पडतोच ना? न झेपणारं झेपत नाही म्हणावं, आणि त्याचं जे करायचं ते आपल्या हातांनी करावं.

हे लिहायला सोपं आहे. पिल्लं महिन्याची होतात तोच करवंटीत पुन्हा अंडी दिसली. करवंटी बाहेर काढून हातात धरली. आत मोहरीपेक्षा बारीक दाणे चिकटलेले, आणि काचेपलीकडे मादी सैरभैर. दहा मिनिटं मी तशीच उभी. शेवटी उन्हात नेऊन ठेवली. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. म्हटलं आता ऐकावं लागणार. त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘आम्ही नऊ भावंडं. आईला कुणी विचारलं नव्हतं.’ आणि पुन्हा सुपात खडे शोधू लागल्या.

आता जोडीच्या मध्ये काच घातली आहे. पिल्लांतली काही आपोआप गेली, चाळीस शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी नेली, वीसेक ओळखीच्यांकडे, ओढ्यात सोडायची नाहीत असं कबूल करून घेऊन दिली. उरलेली पन्नास माझ्याकडेच. परवा लेकाचा फोन आला, ‘आई, भारीच! मोठी टाकी घेऊ या?’

म्हटलं, आधी दिवाळीला घरी ये आणि हिचं पाणी बदल.