तूस जाळावे की भाजावे ?

भातगिरणीच्या मागे साचलेला तुसाचा ढीग कोकणात आणि भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात सारखाच ओळखीचा आहे. जनावर त्याला तोंड लावीत नाही, उकिरड्यात तो लवकर कुजत नाही, आणि वाऱ्याने उडून शेजाऱ्यापाजाऱ्यांत भांडण लावतो. म्हणून एके दिवशी कोणीतरी त्याला काडी लावून देतो. ढीग धुमसत राहतो व मागे करडी राख उरते. ह्या राखेत मुख्यतः सिलिका असते. तुसातील कर्ब बहुतेक सर्व हवेत निघून गेलेला असतो. तेच तूस मोकळी हवा न देता भाजले व काळे असतानाच विझविले, तर त्याचा कोळसा होतो. ह्यालाच हल्ली बायोचार म्हणतात. जपानातील शेतकरी भाताच्या रोपवाटिकेत असा कोळसा ‘कुंतान’ या नावाने वापरतात, आणि लाकडाचा कोळसा पाडणाऱ्या आपल्या लोणाऱ्याला त्यातील तत्त्व नवे वाटणार नाही.

बायोचारविषयी सध्या जे सांगितले जाते त्यात अतिशयोक्ती पुष्कळ आहे. कोळसा हे खत नव्हे. त्यात थोडे पालाश असते, परंतु पिकाला उपयोगी पडेल असा नत्र जवळजवळ नसतो. त्याची खरी किंमत त्याच्या सच्छिद्रपणात आहे. पाणी व अन्नद्रव्ये तो धरून ठेवतो, आणि स्वतः अल्कधर्मी असल्यामुळे जमिनीचा आंबटपणा काहीसा कमी करतो. कोकणातील जांभ्या, आम्लधर्मी जमिनीला हे गुण मानवतात. चोपण अथवा चुनखडीच्या जमिनीत मात्र तो घालू नये. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने घेतलेल्या प्रयोगांतही थायलंडच्या हलक्या, नापीक जमिनीत फायदा दिसला. कसदार जमिनीत उत्पन्न वाढले नाही.

मग तो घालावा कोठे ? येथे साधा हिशेब उपयोगी पडतो. एका हेक्टरात ४० क्विंटल भात पिकले, तर त्यातून सुमारे ८ क्विंटल तूस निघते. तुसाचा कोळसा वजनाने साधारण एक तृतीयांश पडतो. म्हणजे हाती येतो अडीच क्विंटलांच्या आसपास. प्रयोगांत हेक्टरी कित्येक टन कोळसा घालतात. तेवढा पुरवायचा तर गावच्या सगळ्या गिरण्यांचे तूस एकाच शेतकऱ्याच्या खाचरांत जाईल. उलट एका हेक्टराच्या लावणीसाठी तरवा लागतो १० गुंठे. अडीच क्विंटल कोळसा त्यावर पसरला, तर गुंठ्याला २५ किलो येतो. ज्याचे तूस त्याच्याच तरव्याला पुरते, हा हिशेब गावात पटवून देता येण्याजोगा आहे.

तरवा म्हटला की कोकणात राब आलाच. ऐन-किंजळीच्या फांद्या तोडायच्या, त्यांच्या मोळ्या बायामाणसांनी डोक्यावरून वाहून आणायच्या, शेण, पाला, गवत यांचे थर देऊन उन्हाळ्यात भाजावळ करायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तीत केवळ अज्ञान आहे असे समजणारा विस्तार कार्यकर्ता शेतकऱ्यापुढे हरतो, आणि त्याने हरावे हेच योग्य. भाजावळीने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते व रोपे उपटताना मुळे तुटत नाहीत. तुसाच्या कोळशाने माती मोकळी होते, परंतु तण मरत नाही. तेव्हा राब सोडायचा तर गादीवाफे करून, पेरणीपूर्वी उगवलेले तण एकदा काढून टाकणे भाग आहे. हे मेहनतीचे काम आहे. पण झाडे वाचतात आणि डोक्यावरचा भार उतरतो.

कोळसा पाडण्यास भट्टी लागत नाही. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला चोहोबाजूंनी खिळ्याने भोके पाडावीत, वर धुरासाठी पत्र्याची नळी बसवावी, डब्याखाली विस्तव करून भोवती कोरड्या तुसाचा ढीग रचावा. तूस आतून काळे होत बाहेर येते. पृष्ठभागावर काळे ठिपके दिसू लागले की फावड्याने ढीग वरखाली करावा. सारे काळे झाले आणि राखेचा करडा रंग दिसण्यापूर्वीच ते पातळ पसरून भरपूर पाण्याने विझवावे. ह्या शेवटच्या कामात हयगय झाली तर दुसऱ्या दिवशी राखच हाती येते. म्हणून पाणी आधी भरून ठेवावे आणि मगच विस्तव करावा. जागा पेंढ्याच्या उडव्यांपासून व घरापासून लांब हवी. कोळसा ओलसर ठेवूनच हाताळावा व तोंडाला फडके बांधावे, कारण त्याची धूळ छातीला बाधते.

ताजा कोळसा तसाच वाफ्यात घातला, तर तो नत्र धरून ठेवतो व रोपे पिवळी पडण्याचा संभव असतो. त्याला गोमूत्रात किंवा शेणकाल्यात भिजवावे आणि कुजलेल्या शेणखतात मिसळून दोन-तीन आठवडे झाकून ठेवावे.

कोणते तूस घ्यावे, हेही पाहिले पाहिजे. जुन्या हलर गिरणीत तूस व कोंडा एकत्र येतो. तो जनावरांच्या व कोंबड्यांच्या उपयोगी पडतो, त्याला आग लावणे नुकसानीचे आहे. जेथे बॉयलरसाठी तुसाला चांगला भाव मिळतो, तेथे तरव्यापुरते ठेवून बाकीचे खुशाल विकावे. पेंढा, किंवा विदर्भात ज्याला तणस म्हणतात तो, गुरांचा आहे. बायोचाराच्या नावाखाली चारा जाळण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो मानू नये. पावसात भिजून सडलेल्या तणसाचे प्रथम कंपोस्टच करावे.

कापणीनंतर गिरण्या सुरू होतात आणि मार्चपर्यंत तूस कोरडे मिळते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्याच वेळी गावातील दोन शेतकरी निवडून कोळसा पाडून ठेवावा. जूनमध्ये एकाच शेतात शेजारी शेजारी तीन वाफे करावेत : एक राबाचा, एक नुसत्या शेणखताचा व एक कोळसा मिसळलेल्या शेणखताचा. बियाणे एकच असावे, पेरणी एकाच दिवशी व्हावी आणि खुरपणीला किती वेळ लागला तो लिहून ठेवावा. लावणीच्या दिवशी रोपे मात्र शेतातल्या बायांनाच उपटू द्यावीत, आणि कोणत्या वाफ्यातील मूठ सहज सुटली ते त्यांनाच विचारावे.